चाऱ्याच्या गाठी उचलण्यासाठी बकेट नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गव्हाची कापणी हार्वेस्टरने झाल्यावर रानात उरणारे काड आमच्या भागात अनेक जण पेटवून देत असत. आता बेलर, म्हणजे गाठी बांधणारे यंत्र, भाड्याने मिळू लागल्यापासून त्याच काडाच्या आणि मक्याच्या चाऱ्याच्या गाठी बांधल्या जातात, आणि दादर ज्वारीचा कडबा पुरेनासा झाला की गोठ्यातली गुरे त्यावर निभावतात. ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र बांधलेली गाठ उचलण्यासाठी ट्रॅक्टरच्या लोडरला, म्हणजे पुढे बसवलेल्या उचलणाऱ्या बाह्यांना, कोणते अवजार जोडावे, याची चौकशी खरेदीच्या वेळी फारसे कोणी करत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याच खळ्यावर बकेटमधली गोल गाठ लोडरच्या बाह्यांवरून घरंगळत मागे आली आणि बॉनेटवर आदळली. पुतण्या ट्रॅक्टरवर होता. गाठ आणखी हातभर मागे सरकली असती तर त्याच्या छातीवरच आली असती. लोडर घेताना विक्रेत्याने ‘एका बकेटमध्ये सगळी कामे होतात’ असे सांगितले होते, आणि शेणखत व मुरुमापुरते ते खरेही आहे. पण साध्या लोडरच्या बाह्या जसजशा वर जातात तसतशी बकेट आपोआप चालकाच्या बाजूला कलत जाते, आणि गोल गाठीला धरून ठेवणारे तिच्यात काहीच नसते.

अवजार गाठीच्या जातीवरून ठरते. सुक्या चाऱ्याच्या मोठ्या गोल गाठीला भाला उत्तम: मध्ये एक लांब सुळा आणि गाठ फिरू नये म्हणून खाली दोन आखूड सुळे. तो वजनाला हलका असतो, स्वस्त पडतो आणि त्याला वेगळी हायड्रॉलिक जोडणी लागत नाही. मात्र प्लास्टिक गुंडाळलेल्या मुरघासाच्या (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) गाठीत भाला कधीही खुपसू नये, कारण त्या भोकातून हवा आत गेली की मुरघासाला बुरशी लागते. अशा गाठीसाठी दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा, गोल कडांचा पंजा हवा. तो उघडण्या-मिटण्यासाठी ट्रॅक्टरवर तेलाची आणखी एक जोडणी लागते, आणि ती आहे की नाही हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या वीस-पंचवीस किलोच्या चौकोनी गाठींना भाल्याचा उपयोग नाही, त्याने सुतळी तुटून गाठ विस्कटते. वरून आकड्यांनी एकदम आठ-दहा गाठी धरणारा पंजा किंवा लाकडी फळ्यांवर रचलेली थप्पी उचलणारे काटे त्यांना योग्य ठरतात.

खरी फसगत होते ती वजनात. १२० सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच रुंदीची गोल गाठ सुमारे १.३६ घनमीटर भरते. सुक्या काडाची असेल तर ती दीड क्विंटलच्या आसपास जाते, आणि त्याच मापाची मुरघासाची गाठ सहा-सात क्विंटलच्या घरात. माहितीपत्रकात लोडर ८०० किलो उचलतो असे छापलेले असले, तरी हा आकडा पुष्कळदा बाह्यांच्या टोकाला अवजार जोडायच्या पिनेवर मोजलेला असतो. गाठीचा मध्य त्या पिनेच्या दोन-अडीच फूट पुढे असतो, पंजाचे स्वतःचे दीड-दोनशे किलो त्यातूनच वजा होतात आणि पूर्ण उंचीवर लोडरची ताकद आणखी घटते. म्हणून अवजार जोडलेले असताना, गाठीच्या मध्यावर आणि पूर्ण उंचीला लोडर किती वजन पेलतो, हे विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्यावे. आपली गाठ नेमकी किती भरते हे जवळच्या वजनकाट्यावर तोलून पाहायला फारसा खर्च येत नाही.

पुढे भार आला की मागची चाके हलकी होतात. आपल्याकडच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांना असल्यामुळे उतारावर ते नीट धरत नाहीत, आणि पुढच्या ॲक्सलवर नको तितका ताण येतो. यासाठी मागच्या लिंकेजला (अवजारे जोडायच्या दांड्यांना) काँक्रीटची पेटी किंवा तत्सम वजन लावणे हा लोडरच्या खरेदीचाच भाग समजला पाहिजे. माझ्या बिलात त्याचा उल्लेखही नव्हता. गाठ नेताना गुडघाभर उंचीवरच ठेवावी, आणि शेतातून गेलेल्या लोंबत्या वीजतारांखाली बाह्या उचलू नयेत, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मजुरालाही समजावून सांगावे लागते.

पाल आणि ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रांना माझी विनंती आहे की, यंत्रांच्या प्रात्यक्षिकात बेलरबरोबर लोडर आणि ही अवजारेही ठेवावीत आणि खऱ्या वजनाच्या गाठी शेतकऱ्यांसमोर उचलून दाखवाव्यात. हे काम गव्हाची कापणी सुरू होण्याआधी झाले तर येत्या उन्हाळ्यातल्या खरेदीला त्याचा उपयोग होईल. आपल्या शेतीविषयक पानावरही या विषयाला जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक दूध उत्पादक शेतकरी
ता. पारोळा, जि. जळगाव