जुना फोन ऊसतोडीच्या फडावर पाठवू या

शहादा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयातर्फे सर्वांना विनंती.

दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. घरी सांभाळायला कोणी नसलं की पोरंही टोळीबरोबर जातात, शाळा मागे राहते. होळीला परत येईपर्यंत पहिली-दुसरीतलं पोर अक्षरं विसरलेलं असतं. म्हणून यंदा टोळीबरोबर शिकण्याच्या खेळांचे फोन पाठवायचं ठरवलंय.

‘पोरांच्या हातात फोन? बिघडतील की!’ असं काही जण म्हणालेच. या फोनमध्ये सिम नसेल, व्हिडिओ नसतील. ‘जीकॉम्प्रिस’सारखे मोफत, नेटशिवाय चालणारे खेळ असतील. एका खेळात आगगाडीच्या डब्यांवर अक्षरं असतात. फोन एक अक्षर उच्चारतो, पोरानं नेमका तो डबा दाबायचा. चुकलं तर पुन्हा. छडी नाही, हसणारं कोणी नाही. ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ या जागतिक स्पर्धेत टांझानियातल्या १७० गावांतल्या मुलांना असे खेळ टॅबवर दिले होते. त्यातली बहुतेक कधी शाळेत गेली नव्हती, तरी बरीच जण वाचायला लागली. त्या स्पर्धेचा निकाल २०१९ साली लागला.

आमची खरी अडचण वेगळी आहे. घरी पावरी बोलणाऱ्या पोराला पुस्तकी मराठीतल्या सूचना निम्म्याही कळत नाहीत. त्या पावरी, भिलोरी आणि अहिराणीत बोलून द्यायच्या आहेत. ज्यांची ही घरची बोली आहे, त्यांनी एक संध्याकाळ द्यावी. आवाज गोड नसला तरी चालेल, पण उच्चार घरचाच हवा. आजीबाई आल्या तर फारच उत्तम!

फोन अँड्रॉइडचा हवा. काच तडकलेली चालेल, टच मात्र नीट हवा. देण्याआधी त्यातलं आपलं गूगल खातं काढा, मगच रीसेट करा. खातं न काढता रीसेट केलेला फोन कुलूपबंद होऊ शकतो, मग तो आमच्या काहीच कामाचा राहत नाही. चार्जर असेल तर तोही द्या. फडावरच्या झोपड्यांत विजेचा भरवसा नसतो, त्यामुळे पॉवर बँक आणि सोलर चार्जरची गरज फोनइतकीच आहे. ज्यांना पैसेच द्यायचे आहेत त्यांची रक्कम यावरच खर्च होईल. पावती मिळेल, हिशेब फलकावर लागेल.

दसऱ्यापर्यंत वस्तू वाचनालयात संध्याकाळी आणून द्याव्यात. खेळ भरायला आणि मोठ्या भावंडांना फोन कसा वापरायचा ते दाखवायला आम्हाला दिवाळीपर्यंतचाच वेळ आहे.

– वाचनालय समिती