मूठ माझ्याकडे करून दिलेला कोयता

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपल्याला प्रसिद्धी आवडत नाही, हे ठाऊक असल्याने आपले व गावाचे नाव घातलेले नाही.

शिरपूर तालुक्यात बांधावरून झालेल्या भांडणात माझ्या काठीच्या घावाने एका माणसाचा जीव गेला. सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात मला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. ती योग्यच होती, आणि त्याच्या आईपुढे माझी मान आजही वर होत नाही. मात्र शिक्षा आणि सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी आत राहून पाहिले. खटला चालू असताना दोन वर्षे मी धुळ्याच्या कारागृहात कच्चा कैदी होतो. 1932 साली याच कारागृहात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. माझे रविवार मात्र इतर दिवसांसारखेच भिंतीकडे बघण्यात गेले, कारण कच्च्या कैद्याला सक्तमजुरी नसते आणि रिकाम्या हातांचे काय करायचे हे कोणी सांगत नाही. 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे असे कच्चेच होते. पुढे शिक्षा भोगताना नाशिकरोडच्या कारागृहात सुतारकाम शिकलो, तेव्हा कुठे रात्री झोप लागू लागली.

सुटल्यावर खरी अडचण सुरू झाली. गावात रंधा चालवायला कोणी लाकूड देईना, मजुरांच्या टोळीत कोणी नाव घेईना, आणि कुठे पाण्याच्या मोटारीची चोरी झाली की पहिली चौकशी माझ्याच घरी होई. शिक्षा संपल्याचा कागद माझ्या खिशात होता, पण तो बघायला कोणी मागितलाच नाही.

अशा वेळी रावेरकडच्या आपल्या केळीच्या बागेत आलो आणि काही विचारण्याआधीच सगळे सांगून टाकले. आपण शांतपणे ऐकून घेतलेत, उठलात आणि कोयता आणलात. मूठ माझ्याकडे होती, पाते आपल्याकडे. ‘घड खांद्यावर घे, जमिनीला लागू देऊ नको, खरचटला तर साल काळी पडते,’ एवढेच आपण म्हणालात, आणि माझ्याकडे पाठ करून पुढच्या ओळीत निघून गेलात. ती पाठ मी विसरणार नाही. माझ्या हाती हत्यार देऊन निर्धास्तपणे वळणारा माणूस सुटल्यापासून मला भेटला नव्हता.

1977 साली मोहम्मद गियासुद्दीन खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी म्हटले होते की, राज्याने सूड न घेता गुन्हेगाराचे पुनर्वसन करावे. मला मोफत मिळालेल्या वकिलांनी हे कधीतरी समजावून सांगितले होते, पण त्याचा अर्थ आपल्या बागेत कळला. बाजाराच्या दिवशी इतरांच्या बरोबरीने मजुरी हातावर ठेवताना आपण एकदाही दर कमी केला नाहीत. माईंनी पहिल्या दिवसापासून मला सगळ्यांच्या पंगतीत बसवले.

गेल्या महिन्यात नुकताच सुटलेला एक पोरगा बागेत आला. त्याचा गुन्हा कोणता, हे न विचारता आपण त्याला माझ्याकडे पाठवलेत. सध्या मी त्याला घड उतरवायला शिकवतो आहे. अजून त्याचा हात थरथरतो, पण काल त्याने तीन घड न खरचटवता उतरवले.

आपला कृतज्ञ,
बागेतला मजूर