सई, त्या ट्रेनरबाईंवर रागावू नकोस
कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
28 सप्टेंबर 2025

प्रिय सई,

काल रात्री फोनवर तू रडत होतीस आणि मी नुसता "हं, हं" करत राहिलो. तुझ्या आईनं फोन घेतला म्हणून निभावलं. मला समोरासमोर कधीच नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून आज सकाळी चहा ठेवला आणि लिहायला बसलो.

तू म्हणालीस, "बाबा, ट्रेनरनं माझी सीझन घालवली." गुरुवारी फुटबॉलच्या सरावात क्रॉस, म्हणजे बाजूनं गोलसमोर आलेला उंच चेंडू, पकडायला उडी मारलीस, मैत्रिणीचा गुडघा कानाच्या वर लागला, आणि तू उठून हातमोजे झटकून पुन्हा गोलमध्ये उभी राहिलीस. कुणालाच काही बोलली नाहीस. सराव संपल्यावर घोट्याची टेप काढता काढता ट्रेनरबाईंनी, तुमच्या संघाची दुखापत बघणं हेच ज्यांचं काम, तुझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि तुला खुर्चीवर बसवलं. महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट, आणि मग तू परत सप्टेंबर म्हणालीस. हे तूच मला सांगितलंस, चिडून, जणू त्यांनी तुला फसवून पकडलं. सई, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पाचवीत असताना सत्ताविसाचा पाढा उलटा म्हणून दाखवणारी पोर तू.

त्या बाईंनी त्याच क्षणी तुला खेळातून बाहेर काढलं, याबद्दल मी त्यांचा आयुष्यभर ऋणी राहीन. एनसीएएनं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेनं, 2010 पासून प्रत्येक कॉलेजला डोक्याच्या माराबद्दल लेखी योजना ठेवायला लावली आहे. लक्षणं दिसली की खेळाडू बाहेर. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, निघालं तर त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही, आणि डॉक्टरांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसानं मोकळं केल्याशिवाय पुढेही नाही. मग एकेक पायरी: आधी चालणं किंवा सायकल, मग धावणं, मग अंगाला अंग न लागणारा सराव, मग पूर्ण सराव, आणि शेवटी मॅच. दोन पायऱ्यांमध्ये किमान एक दिवस, आणि डोकं दुखलं की एक पायरी मागे. तुझ्या हेड कोचना कितीही वाटलं तरी त्यांना ही पायरी गाळता येत नाही. त्या मैदानावर कोचला नाही म्हणू शकणारी व्यक्ती ही, आणि ती तुझ्या बाजूनं उभी राहिली.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुला आजवर सांगितलेली नाही. मी जेवायला मांडी घालून बसत नाही. तुला वाटायचं, अमेरिकेत येऊन सवय गेली. तसं नाही. कोल्हापुरात आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. ज्या मातीत कुस्ती, त्याच मंडळाचा फुटबॉलचा संघ. पेठेची इभ्रत त्यावर. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ गॅलरीत. 1993 साली उपांत्य सामन्याआधी चार दिवस माझा उजवा गुडघा फिरला, लिंबाएवढा सुजला. संघातल्या वडीलधाऱ्यानं हळद-तुरटीचा लेप लावला, वर क्रेप बँडेज आवळलं आणि म्हणाला, "पोरा, पेठ बघतीय." मी उतरलो. साठाव्या मिनिटाला गुडघ्यातून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला जेवढं कळत होतं तेवढं त्यानं माझ्यासाठी केलं. पण त्या मैदानावर "हा पोरगा आज खेळणार नाही" असं म्हणायचा अधिकार असलेलं कुणीच नव्हतं. मी तर म्हणणारच नव्हतो. वीस वर्षांचा होतो. तू तर अठराचीच आहेस.

तू गप्प का राहिलीस, तेही मला कळतं. तुमच्या लॉकर रूमच्या दारावर सरावाचे आकडे लागतात. किती शॉट अडवले, किती क्रॉस धरले, कोण कितवी. तीन कीपरमध्ये तू दुसरी होतीस, आणि एक दिवस चुकला की तिसरी. ही पद्धत आली कुठून माहीत आहे? आपल्या शेजारच्या चॅपेल हिलमधून. 1951 साली मुंबईत जन्मलेले अ‍ॅन्सन डोरन्स यांनी 1979 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा मुलींचा संघ उभा केला. बास्केटबॉलचे कोच डीन स्मिथ सरावातली प्रत्येक गोष्ट मोजून लिहून ठेवत, ते बघून त्यांनी तसंच फुटबॉलमध्ये सुरू केलं, आणि त्याला नाव पडलं कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन, म्हणजे चुरशीची कढई. मिया हॅम, क्रिस्टीन लिली यांच्यासारख्या नावाजलेल्या खेळाडू याच सरावातून गेल्या. एनसीएएची 21 विजेतेपदं त्यांनी मिळवली, त्यापुढे मी कोण बोलणार? पण आकडा दारावर लागला की पोरी दुखणं लपवतात, हे मी परवा माझ्याच घरात बघितलं. बरी झालीस की हे तुझ्या कोचना तू स्वतः सांग. शांतपणे, त्यांच्या ऑफिसात जाऊन. मी ईमेल करणार नाही. ते काम तुझं आहे.

आणि "हेड कोच माझ्याशी महिन्यात दोन वाक्यं बोलल्या" हे जे म्हणालीस, त्याबद्दल. त्यांच्याकडे तीस मुली आहेत. पुढच्या वर्षीची भरती, बसचं भाडं, प्राध्यापकांना पत्रं, पालकांचे फोन. तुमचं कॉलेज खेळतं त्या डिव्हिजन थ्रीमध्ये, एनसीएएच्या तिसऱ्या गटात, खेळाची स्कॉलरशिप नसते, तसा माणसांसाठी पैसाही बेताचाच. एक पूर्णवेळ असिस्टंट, आणि तुमचा कीपर कोच तर दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी येतो. ऑगस्टमध्ये तुला सोडायला आलो तेव्हा मी त्याला बघितलं. सगळे गेल्यावर तो एकटा कोन गोळा करत होता, आणि तुझ्या डाव्या पायाची ठेवण कशी चुकते ते त्यानं मला, एका अनोळखी बापाला, स्वतः गोलमध्ये उभं राहून दाखवलं. घामानं शर्ट भिजलेला, तरी तीनदा दाखवलं. त्याला तुझं नाव, तुझं गाव, तुझा डावा पाय सगळं पाठ होतं. तुझा कोच तो आहे, सई. हेड कोचच्या तोंडाकडे बघत बसलीस तर तो दिसायचाच नाही.

गेल्या वर्षीची डिसेंबरमधली ती रात्र आठवते? वेकमेड सॉकर पार्कमध्ये आपण दोघं एका शालीत बसलो होतो. डोरन्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सीझन तोंडावर असताना निवृत्त झाले होते आणि त्यांचे असिस्टंट डेमन नाहास यांच्यावर हंगामी म्हणून संघ पडला होता. सगळे म्हणत होते, आता संपलं. आणि अंतिम सामन्यात वेक फॉरेस्ट विद्यापीठाला 1-0 हरवून नॉर्थ कॅरोलायनानं विजेतेपद नेलं. तू तेव्हा मला विचारलं होतंस, "बाबा, हा माणूस इतकी वर्षं कुठे होता?" तिथेच होता, बेंचवर. पोरींना ओळखत होता, म्हणून तर चार महिन्यांत त्या त्याच्यासाठी तशा खेळल्या. डोरन्स यांच्या शेजारी बिल पॅलाडिनोही असेच कित्येक वर्षं असिस्टंट म्हणून बसले. विजेतेपदं मोजताना लोक त्यांचं नाव घेत नाहीत, मला ते बरोबर वाटत नाही.

ट्रान्स्फरचा, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जायचा, विचार आता करू नकोस. डोकं दुखत असताना कुठलाच निर्णय घ्यायचा नाही. फॉर्म डिसेंबरमध्ये भरता येतो, ऑक्टोबर तसाच जाऊ दे. तेव्हाही तेच वाटलं तर मी गाडी घेऊन येईन आणि एक शब्द विचारणार नाही.

कीपर कोचनं तुला शनिवारच्या मॅचला वही दिली होती ना, समोरची कीपर गोलकिक कुठे मारते, कॉर्नरला किती पुढे येते ते लिहायला? तू म्हणालीस, मन रमवायला दिलेलं काम. मला तसं वाटत नाही. ती वही टाकू नकोस, मला बघायची आहे. फक्त डोकं जड झालं की लगेच मिट, आणि रात्री फोनच्या स्क्रीनकडे बघत बसू नकोस.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतोय. आई आज भडंग करायला बसली आहे, लसूण सोलून झाला. दोन डबे आणतो. एक तुझा. दुसरा ट्रेनरबाईंचा, तिखट कमी घालून. तो तू तुझ्या हातानं त्यांना द्यायचा आहेस.

तुझा,
बाबा