"ही सुटणार कुठून?" : आमच्या मूर्तिकार काकांना पत्र

लातूर

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात उदगीरहून एक फोटो आला. सातवीतल्या एका मुलानं आपल्या 'जलदूत' गाडीचं मॉडेल जोडून रंगवलंय आणि ताटलीत खरी काळी माती पसरून त्यावर उभं केलंय. आठही चाकं मातीला टेकलीत, एकही वर राहिलेलं नाही. फोटो घेऊन मी धावत कारखान्यात आले. तुम्ही चष्मा वर करून बघितलात, "बेस झालं की" म्हणालात आणि पुन्हा काथ्या पिंजायला बसलात. आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही चहा सांगता. म्हणून हे लिहून काढलंय. नात वाचून दाखवेल. मधेच उठून जायचं नाही.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, त्यालाही कारण आहे. घरी साचा करून मॉडेल ओतावं असं वाटणारी पोरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती रात्र रात्र परदेशी व्हिडिओ बघतात, मीही बघितले. पण हे काम पिढ्यान्‌पिढ्या जाणणारा माणूस दोन गल्ल्या सोडून बसलेला असतो, हे त्यांना कळायला पाहिजे.

वाचणाऱ्यांसाठी आधी गाडीबद्दल सांगते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. गाडीचं नाव जलदूत. मी तेव्हा नववीत होते. पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लागली होती आणि आई मला घागर देऊन एकटीला पाठवत नव्हती. तेव्हापासून वहीच्या मागच्या पानांवर मी एक वाहन काढत आले, त्याचंही नाव जलदूत. जिथं रूळ नाहीत, रस्ता नाही, तिथं पाणी घेऊन चालत जाणारं. आठ चाकं, दोन टाक्या, मागं दुमडणारा बोअरचा मनोरा, वर छत्रीसारखे उघडणारे सोलर पॅनल. काळ पुढचा, पण माती आपलीच.

डिप्लोमा झाला, एमआयडीसीत ड्रॉइंगची नोकरी लागली आणि मग वहीतली गाडी १:३५ या मापात, म्हणजे पस्तीसपट लहान, खरी करायला घेतली. टाक्यांना शेतातला ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला, १२ सेंटिमीटरचे दोन तुकडे. लांबी-रुंदी ३५ नं गुणली तर खऱ्या गाडीच्या एका टाकीत साडेसहा हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं. गावात येणाऱ्या टँकरशी ते जुळतं, म्हणून बरं वाटलं. अंगावरची बारीक यंत्रसामग्री सगळी ठिबकची: ड्रिपर, ग्रोमेट, जॉइनर, एंड कॅप. मामांच्या मळ्यातून पिशवीभर आणली होती. बाकी अर्धा आणि एक मिलिमीटरचं प्लॅस्टिक शीट, रिफिलीच्या नळ्या, सांध्यांत लांबी (पुट्टी), वरून प्रायमर. मूळ नमुना छान झाला होता, हे मी आजही म्हणेन.

घोळ झाला तो त्याच्या प्रती ओतायच्या साच्यात. जुलै महिना. शाळेत मिळते तसल्या तेलकट रंगीत मातीत मी चाक अर्धं बसवलं आणि वरून महागातलं, प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन, म्हणजे साच्याचं पातळ रबर, ओतलं. पंधरा तासांनीही मातीला लागलेली कड चिकचिकीतच. त्या मातीत गंधक असतं आणि गंधकापाशी आलं की हे सिलिकॉन जमतच नाही. मला ते ठाऊक नव्हतं. जो थोडा भाग जमला होता त्यात ओतायला रेझिन कालवलं, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारं पातळ प्लॅस्टिक, तर ते इडलीच्या पिठासारखं फुगून कपाबाहेर आलं. दोन महिन्यांची शिल्लक त्या एका रविवारी गेली. मी पडवीत बसून रडत होते. आई म्हणाली, "गणपतीवाल्या काकांकडं जाऊन ये, त्यांचं हेच काम आहे."

गणपतीला दोन महिने राहिलेले. तुमच्याकडं पाय ठेवायला जागा नव्हती. तरी तुम्ही हात पुसले, चाक घेतलं आणि कडेवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं. मग विचारलंत, "दिसायला झ्याक आहे. पण माय, ही सुटणार कुठून?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. चार महिने मी गाडी कशी दिसते हेच बघत होते. ती साच्यातून बाहेर कशी येईल हा विचार एकदाही केला नव्हता.

तुम्ही फळीवरून सुतळीनं बांधलेला एक पिवळा पडलेला साचा काढलात, उंदराचा. पीओपीचे तीन तुकडे: पोट, पाठ आणि कानामागचा बोटभर तुकडा. आधी तो छोटा तुकडा काढलात, मग पाठ उचलली, आणि उंदीर आपोआप तुमच्या तळहातावर आला. "कान मागं वळलाय. सरळ ओढला तर मोडतो. म्हणून त्याला दार वेगळं." तो साचा तुमच्या वडिलांचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. त्यात गावाकडचं घर पडलं आणि वडिलांच्या सगळ्या साच्यांतून ढिगाऱ्याखालून हा एवढा निघाला. हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत आणि लगेच माझ्या चाकाकडं वळलात.

चाकावर पेन्सिलनं रेघ तुम्ही मारलीत. टायरच्या खाचा बाहेरच्या बाजूनं मोकळ्या होत्या, तिथं अडचण नव्हती. अडत होतं ते आतल्या बाजूच्या ड्रिपरपाशी, कारण ड्रिपरची मान बारीक आणि डोकं मोठं. तुम्ही मानेभोवती लांबी भरून उतार काढायला लावलात. कुणालाही न दिसणारी जागा, पण तिथंच साचा फाटला असता. त्यानंतर घरी जाऊन मी अडतीसच्या अडतीस भागांवर नख फिरवलं आणि नऊ भाग नव्यानं केले. मनोरा तर मधून कापून दोन केला. आज एमआयडीसीत ड्रॉइंग हातात आलं की पहिल्यांदा तेच बघते. साहेबांनी एकदा विचारलं, कुठं शिकलीस. तुमचं नाव सांगितलं.

रंगीत मातीऐवजी तुम्ही शाडू दिलीत. ओल्या ब्रशनं पुसली की कणही राहत नाही, आणि कड इतकी धारदार येते की सांधा केसाएवढा पडतो. मातीत पेन्सिलच्या मागच्या टोकानं चार खळगे करायचे, म्हणजे दोन्ही अर्धे पुन्हा जागच्या जागी बसतात. पहिला अर्धा जमला की त्यावर व्हॅसलिनचा पातळ हात. सिलिकॉन बाकी सहसा कशाला चिकटत नाही, पण सिलिकॉनला सिलिकॉन असं धरतं की सुरीशिवाय सुटत नाही. स्वस्तातलं सिलिकॉनही तुम्हीच सुचवलंत, ज्यात १०० ग्रॅमला ३ ग्रॅम हार्डनर पडतो. अंदाजानं टाकायची माझी सवय तुम्ही मोडलीत. तीन म्हणजे तीन, छोट्या वजनकाट्यावर.

आणि ते ओतणं! ते मी अजून डोळ्यांसमोर आणते. तुम्ही कप हातभर उंच धरलात आणि एका कोपऱ्यात धार सोडलीत, एकतारी पाकासारखी. धार इतकी बारीक की तिच्यातला बुडबुडा खाली पोचण्याआधीच ताणून फुटत होता. सिलिकॉन आपणहून पसरत चाकाच्या खाचांत चढलं. पाऊण तास गेला असेल. बाहेर दोन गिऱ्हाईकं थांबली होती आणि तुम्ही मान वर केली नाहीत. परदेशी व्हिडिओत यासाठी हवा खेचणारा पंप लावतात. ज्यांना परवडतो त्यांनी घ्यावा, पण लहान भागांना ही धार पुरते. आणि कुणी घरच्या कुकरमध्ये हवा भरून रेझिन दाबायला जाऊ नका. ते भांडं त्या कामाचं नाही, फुटलं तर जीव जाईल.

रेझिन का फुगलं, हे तुम्ही एका प्रश्नात पकडलंत. "कप धुतलेलास का?" धुतला होता. पॉलियुरेथेन रेझिनच्या एका भागाची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, थेंबभर ओलही पुरते. तुम्हाला हे रसायन माहीत नव्हतं, पण पावसाळ्यात ओल काय करते हे तुमच्याइतकं कोण जाणतं? मूर्ती वाळवायच्या हॅलोजनखाली तुम्ही माझे साचे, काड्या, कप, टाल्कम पावडरसुद्धा मांडायला जागा दिलीत. ती पावडर साच्यात भुरभुरून झटकली की रेझिन बारीक कोपऱ्यात शिरतं. दुसऱ्या दिवशी पहिलं चाक निघालं. एकही भोक नव्हतं.

उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. लातूरच्या मे महिन्यात दुपारी रेझिन कपातच दगड होतं. डब्यावर लिहिलेली चार मिनिटं इथं दोनसुद्धा मिळत नाहीत. "आम्ही उन्हाळ्यात पीओपी पहाटं कालवतो," तुम्ही म्हणालात, आणि तेव्हापासून माझं ओतकाम पहाटे पाचला सुरू होतं.

टाक्यांचं तर सगळं श्रेय तुमचं. मी त्या भरीव ओतत होते. जाड ओतलं की रेझिन तापतं आणि गार होताना मधे खड्डा पडतो. तुम्ही साच्यात तीसच ग्रॅम घालायला लावलंत आणि साचा दोन्ही हातांत धरून फिरवत राहिलात, वाटीला तूप लावावं तसं. सगळीकडून अस्तर बसलं, मग आणखी तीस ग्रॅम. आत पोकळ, बाहेर पाइपवरची अक्षरंही उमटलेली. ती अक्षरं मी पुसली नाहीत.

जपानमध्ये हौशी लोकांनी घरीच रेझिन ओतून असे संच विकले, त्यांना गॅरेज किट म्हणतात. आमची पत्र्याची पडवी हेच माझं गॅरेज. आतापर्यंत बारा संच झाले. काही मित्रमैत्रिणींनी घेतले, एक शाळेला दिला, एक उदगीरला गेला. तोंडाला मास्क आणि हातात मोजे घातल्याशिवाय ओतायचं नाही, घासायचं ते पाण्यात आणि बाहेर, हा तुमचा दम प्रत्येक डब्यातल्या कागदावर मी पहिल्या ओळीत छापलाय.

पैशांचं तुम्ही ऐकलं नाहीत. मी पाकीट पुढं केलं तेव्हा म्हणालात, "माझ्याकडं शिकायला कुणी येत नाही. तू आलीस." पोरं पुण्याला गेली, ती खुशाल असोत, पण हे वाक्य मला घरी जाईपर्यंत आणि त्यानंतरही पुरलं.

आता एक काम. मागच्या खेपेला बघितलं, उंदराच्या साच्यात कानामागच्या तुकड्याची कड झिजलीय आणि पोटाच्या तुकड्याला चीर गेलीय. यंदाचा हंगाम तो काढेल, पुढचा सांगता येत नाही. अजून जमतोय तोवर त्यातून एक चांगला उंदीर काढून ठेवा, पॉलिश पेपर लावू नका. त्यावरून आपण सिलिकॉनचा नवा साचा करू, कानाला वेगळ्या दारासकट. सिलिकॉन आणि काटा मी आणते, शाडू तुमची. धार मात्र यावेळी मी सोडणार, तुम्ही नुसतं बघायचं.

रविवारी पहाटे पाचला येते. कुलूप काढून ठेवा.

तुमची,
मागच्या गल्लीतली पोर