सिकलसेल कक्षातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आमच्याकडच्या ज्या घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यांना समुपदेशक ताई म्हटलं की तुम्हीच आठवाल.

आमच्या घरात एसएस पॅटर्नची, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेली, दोन मुलं, माझा मुलगा आणि माझ्या दिरांची मुलगी. थंडी पडली, साधा ताप आला की माझ्या मुलाला क्रायसिस येतो. हातपाय, पाठ इतकी दुखते की अंगावर चादरसुद्धा सहन होत नाही. पुतणी मात्र शाळेच्या कबड्डीच्या संघात. आजार एक, घर एक, ताटातलं जेवण एक, मग फरक कशाचा? त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं: आई नोकरी करते, पोराकडे लक्ष नाही, नाहीतर तिच्या माहेरचंच रक्त असं.

मी तोच प्रश्न तुम्हाला विचारला आणि तुम्ही रांगेतल्या बाकीच्यांना थोडं थांबायला सांगून केसपेपरच्या मागे लिहायला घेतलंत. हिमोग्लोबिनची बीटा साखळी कशी बनवायची, हे सांगणारं एक जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. साखळीत १४६ अमिनो आम्लं. त्या जनुकाच्या लिपीत एका जागी ए ऐवजी टी हे अक्षर आलं, की साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बाकी सगळं जसंच्या तसं. पण ऑक्सिजन सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याचे लांब धागे होतात, पेशी कोयत्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. म्हणून दुखतं. चांगली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी. मी शिक्षिका आहे, बीएस्सी झालेली आहे, तरी माझ्या लेकराच्या अंगात नेमकं काय चाललंय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना तुम्ही म्हणालात, "आजी, हे एकटीकडून येत नाही. आई आणि बाप दोघांकडून असं एकेक जनुक यावं लागतं." दोघंही एएस, म्हणजे असं एकच जनुक असलेले वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. मग तुम्ही मलेरियाचं सांगितलंत. अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं होतं, की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. आपल्या जंगलपट्ट्यातही पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता. जी लेकरं त्यातून तगली, त्यांच्यात वाहक जास्त, म्हणून हे जनुक आपल्यात इतकं टिकलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण माहेरच्या रक्ताचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. ताई, याचं मोल तुम्हाला कसं सांगू!

दोन भावंडांतल्या फरकाचं उत्तर तर त्याहून नवलाचं निघालं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळीच नसते, त्यामुळे तान्ह्या बाळाला हा त्रास होत नाही. जॅनेट वॉटसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ सालीच हे हेरलं होतं. जन्मानंतर ते हिमोग्लोबिन कमी होत जातं, पण सगळ्यांचं सारखं नाही. तुम्ही दोघांचे एचपीएलसीचे, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या रक्ततपासणीचे, रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेत. पुतणीचं एचबीएफ, म्हणजे हेच बाळपणीचं हिमोग्लोबिन, माझ्या मुलाच्या दुपटीहून जास्त होतं. ते कुणाचं किती टिकतं, हे दुसऱ्याच काही जनुकांतल्या फरकांवर बरंचसं ठरतं. त्यातलं एक बीसीएल११ए, दुसऱ्या गुणसूत्रावरचं. त्याचं काम म्हणजे बाळपणीच्या हिमोग्लोबिनचं जनुक बंद ठेवणं. २००७-०८ च्या सुमारास पुष्कळ माणसांची जनुकं ताडून पाहताना हा धागा हाती लागला. कुणाला त्रास जास्त, कुणाला कमी, असं का, हा माझ्यासारख्या आईचा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, याचा मला फार आधार वाटला.

आणि तिथूनच औषध निघालं. रक्त बनवणाऱ्या पेशींमध्ये बीसीएल११ए ची कळ बंद करणारा उपचार २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, हेही तुम्ही लपवलं नाहीत. उगाच आशा लावली नाहीत. हायड्रॉक्सियुरियाची गोळीसुद्धा एचबीएफ वाढवते, ती आपल्याकडे मिळते, पण मधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं, हे नीट समजावलंत. कशासाठी देतोय ते कळल्यामुळे आम्ही ती चुकवत नाही. या हिवाळ्यात मुलाला भरती करावं लागलं नाही.

माझी धाकटी नणंद लग्नाची आहे आणि ती एएस आहे. पत्रिकेआधी मुलाचा सिकलसेलचा रिपोर्ट बघायचा, असं आता सासूबाईच सांगतात. आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलामुलींनाही हे तुमच्याकडून ऐकायला मिळावं, अशी इच्छा आहे. मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय. ओपीडी नसेल तो वार कळवा, न्यायला गाडी पाठवते.

तुमची,
एसएस पॅटर्नच्या एका मुलाची आई