मानाजीसाठी आलेला फोन

ती. काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाव कुठं लिहायचं नाही हे तुम्ही तीनदा बजावलंत, म्हणून नुसतं काका. तुमच्या गल्लीतल्यांना कळायचं ते कळेलच.

बाबांच्या ट्रंकेतला तो मोडी कागद तुमच्याकडे येण्याआधी तीन हातांतून गेला होता. पहिल्या ठिकाणी, एका कार्यालयात, मान वर न करताच सांगितलं गेलं की असलं जुनं इथं मिळत नाही. दुसऱ्यानं पानामागे दर सांगितला. 2023 साली शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना भाव आलाय, त्यात वाईट काही नाही. पण पैसे घेऊन त्यानं जे लिहून दिलं त्यात निम्म्या जागी टिंबं होती. तिसरा मात्र थोर निघाला. कागदावरचा 1287 हा आकडा त्यानं शक म्हणून धरला, त्यात 78 मिळवले आणि आमचं घराणं थेट इ.स. 1365 मध्ये, बहमनी सुलतानांच्या दरबारात नेऊन बसवलं. सोनेरी चौकट, वंशावळीच्या मागे दोन तलवारी. शेवटच्या आजारपणात बाबांच्या खाटेसमोर तेच टांगलेलं होतं. ते खरं मानूनच ते गेले. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही कागद हातात घेतलात आणि वाचायच्या आधी त्याचा वास घेतलात. म्हणालात, "बहमनीतला कागद डांबराच्या गोळ्यांवर साडेसहाशे वर्षं टिकला होय गं?" मग हसू आवरून समजावलंत की हा शक नाही, फसली सन आहे. निजामाच्या मुलखात साऱ्याचं वर्ष असंच लिहायचे. 590 मिळव.

मी मिळवले. 1877. आणि गप्प बसले. आजी तिच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं सांगायची, "मोठ्या दुष्काळात आपली माणसं गंगथडीला आली." गंगथडी म्हणजे गोदाकाठ. 1876 ते 1878 चा तो दुष्काळ. निजामाचा बीड जिल्हा सोडून ती इंग्रजी अंमलातल्या नगर जिल्ह्यात आली होती. तलवारी गेल्या आणि हातात दुष्काळ आला, पण तो आमचा होता.

पुढचं कोडं खरं अवघड होतं. कागदावर आडनाव नाही, नुसता 'तुकाजी बिन' कोणीतरी, म्हणजे कोणाचा तरी मुलगा तुकाजी, आणि बापाच्या नावाचं पहिलं अक्षर कसरीनं खाल्लेलं. गाव 'मौजे पिंपळगाव', आणि परगण्याच्या जागी भोक. पिंपळगावं किती असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यात आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणजे दर एकाआड पिढीत तोच तुकाजी. मी आपली वर वर चढायला बघत होते, बापाचा बाप, त्याचा बाप. तुम्ही अडवलंत. "आधी आडवी जा. भाऊ किती होते बघ. लेकी कुठं दिल्या, सुना कुठून आणल्या ते आत्याला विचार." इतकी वर्षं आमच्या घरात पणजीचं माहेर कुणी विचारलंच नव्हतं! आत्यानं एका दमात सांगितलं, पाटोद्याच्या अंगाला. गाव सुटलं तरी सोयरिकी जुन्याच मुलखात होत राहिल्या होत्या. तिथून पिंपळगावं मोजकीच उरली.

बापाचं नाव तुम्ही 'आनाजी' लावलंत. आमच्याकडेही आत्याच्या तोंडी एक आनाजी होताच. मी लगेच पेननं लिहून टाकलं, वर घरच्या ग्रुपवर फोटो.

आणि हे पत्र ज्यासाठी लिहितेय ते इथं आलं. दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदहाला तुमचा फोन आला. तुम्ही नऊला झोपता. मला वाटलं, बरं नाही की काय. तुम्ही म्हणालात, "चुकलो गं मी. आनाजी नाही तो, मानाजी असावा. तू आनाजी म्हणालीस आणि मला तोच दिसायला लागला. भोकात मी माझ्या पदरचं अक्षर घातलं. पेनचं खोड आणि पेन्सिलीनं लिही." चाळीस वर्षं मोडी वाचणारा माणूस, आठवड्यापूर्वी ओळख झालेल्या बाईला, झोप सोडून, मी चुकलो म्हणायला फोन करतो. सकाळीसुद्धा चाललं असतं. मी तसं म्हणालेही. तर तुम्ही म्हणालात, सकाळपर्यंत तू अजून चार जणांना सांगशील. खरं होतं ते, सांगणारच होते.

नाशिकला पंचवटीत आमच्या भागाच्या उपाध्यायांनी नामावळीची वही, म्हणजे तीर्थाला आलेल्या घराण्यांच्या नोंदींची वही, काढली, तेव्हा त्या फोनची किंमत कळली. पिंपळगाव, मानाजी, मुलगे तुकाजी आणि बाळाजी, दोघांच्या बायकांची नावंसुद्धा. आणि दोन पानं पुढं, त्याच गावचा, दुसऱ्याच घरचा एक आनाजी. तुम्ही त्या रात्री स्वस्थ झोपला असता तर मी आनंदानं त्या आनाजीच्या घरात शिरले असते. तिथं माझं कुणीच नव्हतं.

आपल्याला हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो. आपली चूक दुसऱ्याच्या वहीत राहिली म्हणून ज्याला झोप लागत नाही, असा माणूस मी पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा पाहिला. बाबांना तो भेटायला हवा होता, हे मात्र राहून राहून वाटतं.

बाळाजी गावातच राहिला होता. गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन आले. ओट्यावरच्या म्हातारीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजी दुष्काळात गेलेल्यांतली का तू?" मग आत हाक मारून भाकरी टाकायला सांगितली.

त्या सोनेरी चौकटीतून तलवारी काढून टाकल्या. चौकट सागवानी आहे, वाया कशाला घालवू? तुमच्या हातचा पेन्सिलीचा कागद तिच्यात नीट बसतो. मानाजीच्या वरची जागा रिकामीच ठेवली आहे. पैसे तुम्ही घेतले नाहीत, निदान गावचा हुरडा तरी नाही म्हणू नका. दिवाळीनंतर येते. आत्याच्या माळ्यावर आणखी एक गाठोडं निघालंय आणि त्यातली कसर आधीच्यापेक्षा खादाड दिसतेय. चष्म्याचा नंबर तेवढा तपासून ठेवा.

तुमची,
तुकाजीच्या घरातली लेक