मुलीच्या हाताला प्लास्टर, मैदानाला पत्रे

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. मी कोपरखैरण्यात राहणारी, सात वर्षांच्या मुलीची आई आहे. गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत लंगडी खेळताना रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचा धक्का लागून ती पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. चालकाला मी दोष देत नाही. गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात आणि एवढेसे मूल त्याला आरशात दिसणे शक्यच नव्हते. दोष कुठे आहे ते आपल्यासमोर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर मैदान आहे. गेल्या वर्षी तिथे काम निघाले तेव्हा आम्ही काही पालक संबंधित अधिकाऱ्यांना भेटलो आणि काम संपताच मैदान पूर्वीप्रमाणे सर्व मुलांसाठी खुले होईल, असे त्यांनी आम्हाला लेखी दिले. ते पत्र आजही माझ्या कपाटात आहे. काम संपले, मैदानाभोवती उंच पत्रे ठोकले गेले, आत कृत्रिम हिरवळ अंथरली गेली आणि फाटकावर भाड्याचा फलक लागला : तासाला बाराशे रुपये. मी तीनदा त्या कार्यालयात गेले. तिसऱ्या खेपेला उत्तर मिळाले, ‘मुलांना सोसायटीच्या आवारात खेळवा.’ आमची सोसायटी नाही आणि आवारही नाही. एकेका मजल्याने वाढत गेलेली मूळची बैठी घरे आणि त्यांच्यामधली गल्ली, एवढेच आमच्याकडे आहे.

रुग्णालयात एक्स-रेसाठी थांबलो असताना मुलगी रडत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते. ‘कितीदा सांगितलं होतं, गल्लीत धावू नकोस!’ ती एकदम गप्प झाली. हाडाच्या दुखण्याने रडणारे मूल माझ्या आवाजाने गप्प झाले, हे मी विसरू शकत नाही. त्या रात्री मी दिवसभरातील माझी वाक्ये आठवून पाहिली. खाली जाऊ नको, भिंतीवर चेंडू मारू नको, जिन्यात उड्या मारू नको, शेजारच्या आजींची झोपमोड करू नको. मुलांना न मारता, न घाबरवता, त्यांचे म्हणणे ऐकून घेत वाढवावे, असे शाळेच्या पालकसभेत आम्हाला सांगितले जाते आणि मला ते मनापासून पटते. परंतु ज्या घरात सात वर्षांच्या मुलीला पळायला बारा फूटही सलग जागा नाही, तिथे आईच्या तोंडी ‘नको’खेरीज दुसरा शब्द उरत नाही. मोकळी जागा काढून घ्यायची आणि मग पालकांना संयमाचे धडे द्यायचे, हा आमच्यावर अन्याय आहे.

आपण म्हणाल की मैदानाचा प्रश्न माझ्या खात्याचा नाही. तो आपलाच आहे, कारण खेळ हाच लहान मुलांच्या शिक्षणाचा पाया आहे, हे सरकारनेच लिहून ठेवले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा ठरवला आणि त्या वयात खेळ, कृती आणि शोध यांतून शिकावे असे सांगितले. माझी मुलगी याच टप्प्यात आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे आहे आणि त्याच कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी केली आहे. तिच्या शाळेचे क्रीडांगण म्हणजे इमारतीपुढची फरशी; तिथे दुपारी बसगाड्या उभ्या राहतात आणि वर्गात गोंधळ झाला की शिक्षा म्हणून खेळाचा तास कापला जातो. मूल हलल्याबद्दल त्याचे हलणेच बंद करायचे, ही शिक्षा छडीपेक्षा सौम्य आहे असे मला वाटत नाही.

यात आपल्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास आठवला की अधिक यातना होतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड या ज्या गावांत बालशिक्षणाचे काम उभे केले, ती 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात होती. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना नावे न ठेवता या दोघींनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. पाने, बिया, शंखशिंपले ही त्यांची शैक्षणिक साधने होती. आज त्याच पद्धतीने शिकवणारी शाळा शहरात शोधायला गेले, तर तिचे वर्षाचे शुल्क माझ्या पतीच्या चार महिन्यांच्या पगाराएवढे आहे. आदिवासी पाड्यावर जे फुकट मिळाले, ते आमच्या मुलांना विकत घ्यावे लागते आणि आम्हाला ते परवडत नाही.

उघड्यावर न खेळण्याचा डोळ्यांशीही संबंध आहे. माझ्या मुलीला गेल्या वर्षी चष्मा लागला. चीनमधील ग्वांगझू येथील बारा प्राथमिक शाळांत झालेला एक प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ज्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जास्त उघड्यावर नेले, तिथे तीन वर्षांत 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी आली, म्हणजे लांबचे अंधुक दिसू लागले. इतर शाळांत 39.5 टक्के मुलांना. लखलखीत सूर्यप्रकाशाला पैसे पडत नाहीत, साहेब. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान 60 मिनिटांची मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. तासाला बाराशे रुपयांच्या हिशेबाने माझ्या मुलीच्या वाढीचे भाडे महिन्याला 36,000 रुपये होते.

आणि हे एका मैदानापुरते नाही. नवी मुंबईतल्याच घणसोलीत शासकीय क्रीडासंकुलासाठी राखलेली जागा सोडून ते संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील नानोरे येथे न्यायचा निर्णय सरकारने घेतला होता. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. घणसोलीच्या मुलाने सरावाला माणगावला जावे, असे तुमच्या मंत्रालयात कोणाच्या तरी मनात आले, त्याची टिपणी झाली, त्यावर सह्या झाल्या! प्रत्येक सहीच्या वेळी एखादे मूल त्या खोलीत उभे असते, तर ती सही झाली असती का? मुलांना मत नाही, म्हणून त्यांची जागा सर्वांत आधी जाते. प्रत्येक निवडणुकीत आमच्या गल्लीत हात जोडून येणाऱ्यांपैकी एकानेही आजवर विचारलेले नाही की इथली मुले खेळतात कुठे.

माझी मागणी मोठी नाही. रोज संध्याकाळी चार ते सात हे मैदान चौदा वर्षांखालील मुलांना विनाशुल्क खुले करण्यास संबंधित यंत्रणेला तुम्ही लेखी कळवावे आणि खेळाचा तास शिक्षा म्हणून कापू नये, असे परिपत्रक सर्व शाळांना काढावे. तिचे प्लास्टर पाच आठवड्यांनी निघेल. ते पत्रे ठोकायला दीड दिवस लागला होता, मी गच्चीवरून पाहत होते. काढायला एक दिवस पुरेल.

आपली,
एक आई, कोपरखैरणे, नवी मुंबई